तिसरी बोली

शनिवार, ६ तारीख

घरात मला उलट उत्तर देणारं एकच माणूस होतं आणि डॉक्टरांनी त्याचं तोंड बंद केलं आहे, म्हणून ही वही. या वयात भिंतींशी भांडणारी बाई व्हायची माझी इच्छा नाही.

घडलं ते असं. ह्यांचा घसा बरेच महिने बसलेला होता. घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला. जखम भरेपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी ताकीद मिळाली. मी नातीची जुनी पाटी आणि पेन्सिल ह्यांच्या हातात दिली. काल रिपोर्ट आला.

डॉक्टर सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलत होते. माणूस मुका असला की लोक त्याला बहिराही ठरवतात. म्हणाले, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला कायमचं छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज जाईल. नाही काढलं तर गाठ वाढत जाईल आणि पुढे श्वासच अडेल. फार वेळ हातात नाही."

मी म्हटलं, "आवाज गेला तर गेला, माणूस हवा."

ह्यांनी पाटीवर "नको" लिहिलं आणि ती टेबलावर डॉक्टरांकडे तोंड करून उभी केली, दुकानात भावाची पाटी ठेवतात तशी.

डॉक्टर शांत माणूस आहेत. म्हणाले, "शुक्रवारी सकाळी बेड राखून ठेवतो. विचार करा. संमतीच्या कागदावर सही मात्र ह्यांची हवी."

"माझी चालणार नाही?"

"नाही. आणि आत नेण्याआधी मी ह्यांना पुन्हा विचारणार."

बँकेत, विजेच्या ऑफिसात, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर आयुष्यभर माझीच सही चालली. नेमकी इथे चालत नाही.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ह्यांनी पाटी पुसली, "१" एवढंच लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

"एक काय? चहा?"

मी जाऊन एक चहा आणला. ह्यांनी चहाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खांदे हलवत बिनआवाजी हसले. चहा गिळताना दोनदा ठसका लागला. हसायला काय झालं होतं ते ह्यांनाच ठाऊक.

ह्यांचं काम सांगितल्याशिवाय या "नको"चा अर्थ लागणार नाही. हे फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतात. निवृत्त झाल्यावरही रोज पहाटे जायचे. नवी पोरं चिरकतात म्हणायचे. बाजारात ह्यांना भोंगा म्हणतात. मी ग्रंथपाल होते. "शांतता राखा" या पाटीखाली माझी नोकरी झाली. ह्यांचा लिलाव ऐकायला मी कधी गेले नाही. घरात ह्यांचा आवाज यायचा तेवढा मला पुरे होता.

संध्याकाळी मी विचारलं, "नको म्हणजे काय? कारण तरी लिहा."

ह्यांनी लिहिलं, "आवाज काढून घेतल्यावर उरतं काय? पोतं."

मुलीने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून समुद्रकाठच्या त्या जुन्या तटबंदीच्या शहरात तीन मुक्कामांची खोली केव्हाचीच ठरवून ठेवली आहे. सोमवारी जायचं आणि गुरुवारी परत. तिचा फोन आला. "आई, रद्द करू का गं?"

"बाबांना विचारते."

ह्यांनी लिहिलं, "जाऊ." दोन दिवसांत ह्यांनी लिहिलेला पहिला होकार. डॉक्टरही जा म्हणाले. मीही मनात म्हटलं, चला. चार दिवस दोघंच आहोत, वळवीन. मोठमोठ्या थकबाकीदार वाचकांकडून मी पुस्तकं परत आणली आहेत.


सोमवार, ८ तारीख

पोचलो. शहर तीन बाजूंनी समुद्रात शिरलेलं आहे आणि सगळ्याला मिळून एकच तट, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद. आत गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांब करून मीठ देता येईल. घरं दगडाची, दारं बुटकी. खारट ओल भिंतींतून वर चढते. आमच्या खोलीत कमरेपर्यंत चढलेली आहे. चादरी मात्र स्वच्छ आहेत. मी उलटून पाहिल्या.

खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा. मधल्या पायरीवर ह्यांना थांबावं लागलं. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजतो. महिन्यापूर्वी वाजत नव्हता. मी आपली पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवलं आणि उभी राहिले.

घरमालकीण कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून हिंडते. किल्ल्या खुळखुळतात, ती कुठे आहे हे सांगावं लागत नाही. मी खोलीबद्दल पाचसहा प्रश्न विचारले, हे शेजारी उभे. ती म्हणाली, "तुमचे हे फारच गुणी हो! एक शब्द उलटून बोलत नाहीत. कुठून आणलात?"

"डॉक्टरकडून," मी म्हटलं.

तिला वाटलं विनोद केला. खूप हसली. हेही हसले. मी हसले नाही.

चहानंतर तटावर गेलो. समुद्राकडच्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आहे, त्यापलीकडे सरळ खाली काळे खडक. ह्यांना अगदी कडेला जाऊन बघायची हौस. मी बाही धरून मागे ओढलं. मग बसल्या बसल्या विषय काढला. मुलीचं सांगितलं, नातीचं सांगितलं. शेजारच्या आळीतले मास्तर गळ्याला छिद्र असून रोज फिरायला जातात, हेही सांगितलं. मुद्देसूद सांगितलं. हे समुद्राकडे बघत राहिले. शेवटी माझा तोल गेला.

"अहो, मी काय खडकांशी बोलते आहे? आवाज गेला तर गेला, माणूस हवा! डॉक्टरांपुढेही हेच म्हटलं ना मी?"

ह्यांनी झटकन मान वळवली. पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "२".

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारचा तो "१" चहाचा नव्हता. मी मुलीला रागावत असले की हे माझ्या पाठीमागे उभं राहून बोटांवर मोजायचे, किती वेळा तेच तेच म्हणते ते. मुलगी हसू दाबायची आणि मला वाटायचं ती मलाच हसते आहे. तोच खेळ. इथे मी ह्यांच्या जिवासाठी विनवते आहे आणि हे माझी वाक्यं मोजताहेत!

"मोजा," मी म्हटलं. "मोजत बसा. मी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाही, हे उभ्या गावाला माहीत आहे. तुमच्यासाठी दोनदा सांगितलं. आता तिसऱ्यांदा माझ्या तोंडून हे वाक्य येणार नाही. शपथ."

ह्यांचा चेहरा पडला. पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, मग पुसलं. परत येताना जिन्याच्या मधल्या पायरीवर पुन्हा थांबावं लागलं.


मंगळवार, ९ तारीख

सकाळी खोलीच्या खिडकीतून गलका ऐकू आला आणि हे ताडकन उठून बसले. चपला घालायलाही थांबेनात. समुद्राकडच्या वेशीत मासळीचा लिलाव भरतो. मला त्या वासात जायचं नव्हतं, पण ह्यांना एकटं सोडायचंही नव्हतं.

ओला दगडी चौथरा, त्याच्यावर ढीग आणि कडेला एक जाड, ठेंगणा, तांबड्या टोपीचा माणूस. हा पुकारणारा. हातात लाकडी ठोकळा. पद्धत अशी दिसली की बोली लावणाऱ्यानेच तीनदा म्हणायचं. गिऱ्हाईक बोललं की हा ओरडतो, "एक वार!" तेच गिऱ्हाईक पुन्हा तेवढंच म्हणालं की "दोन वार!" तिसऱ्यांदा म्हणालं की हा उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो आणि ठोकळा आपटतो. संपलं.

एक मासळीवाली मावशी दोनदा बोलली आणि गप्प उभी राहिली. पुकारणाराही थांबला. ती करवादली, "अरे मुडद्या, आपट ना तुझा ठोकळा! सांगितलं ना एकदा!"

"दोनदा सांगितलंस, मावशी. तिसरं माझ्या हातात नाही. हवंय की नकोय ते तूच बोल."

"हवंय म्हणून तर उन्हात उभी आहे!"

"उभं राहण्याला बोली म्हणत नाहीत. तसा तो खांबही उभा आहे."

सगळे हसले. मावशीने हासडायची ती शिवी हासडली आणि तिसऱ्यांदा बोलली. ठोकळा पडला.

हे माझ्या शेजारी उभे होते. ओठ हलत होते आणि छाती वर खाली होत होती. एक वार, दोन वार. मला ते बघवेना. देवळातून उठवून पायरीवर बसवलेल्या पुजाऱ्यासारखे दिसत होते.

परत येताना ह्यांनी वाटेत थांबून लिहिलं, दोनदा पाटी पुसावी लागली इतकं. "आमच्याकडेही हीच पद्धत. ज्याला माल हवा त्यानं तीनदा म्हणायचं. घाईत एकदाच बोलून मोकळे होणारे पुष्कळ. पुढे माल नाकारतात. तीनदा म्हणणारा नाकारत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"तिसऱ्यांदा कोणी म्हटलं नाही तर माल परत जातो."

"कुठे?"

"जिथून आला तिथे."

"मेलेले मासे समुद्रात टाकून काय उपयोग? वायाच की."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, असं की मी काहीतरी विसरले आहे आणि मला ते आठवेल. मला काही आठवलं नाही. त्या मासळीच्या वासाने डोकं चढलं होतं आणि पिशवीतला संमतीचा कागद दमट हवेने मऊ पडायला लागला आहे, ही काळजी वेगळीच. इस्त्री मागितली तर किल्लीवाली कारण विचारणार.

दुपारी तटावर एक वाटाड्या भेटला. घसा ताणून सगळ्या प्रवाशांना इतिहास सांगत होता: हा तट कोणाला फोडता आला नाही, दरवाजा उघडला तो आतल्यांनीच. ह्यांनी लिहिलं, "पोटातून बोलत नाही. दोन वर्षांत आवाज बसेल." मी म्हटलं, "त्याला कशाला सांगताय?" पण ह्यांनी त्याच्यापुढे पाटी धरलीच. तो बिचारा आधी चिडला. मग ह्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. स्वतः घेऊन दाखवताना शिट्टी वाजली. वाटाड्या "काका, बसा" म्हणाला.

ठरवल्याप्रमाणे मी ते वाक्य उच्चारलं नाही. एकदा जिभेवर आलं होतं. गिळलं. हे दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होते.


बुधवार, १० तारीख

भयंकर दिवस. घडलं काहीच नाही.

ह्यांनी आपला लोकरीचा गळपट्टा, मुलीने विणलेला, वाटाड्याला देऊन टाकला. "त्याला पुढे लागेल," असं लिहिलं. मग मला मुलीला फोन लावायला सांगितलं आणि कानाला धरून नातीची बडबड ऐकली. मध्ये मध्ये फोनवर नख वाजवून हुंकार देत होते. नात म्हणाली, "आजोबा, भोंगा वाजवा ना!" ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मुलगी म्हणाली, "बाबांनी सही केली का?"

"करतील."

"आई, तू ओरडत नाहीयेस ना त्यांच्यावर?"

"मी दोन दिवस त्या विषयावर तोंड उघडलेलं नाही."

"का?" ती एकदम रडायलाच लागली. "उघड ना! तू गप्प बसलीस तर त्यांना काय वाटेल?"

हिला काय माहीत. मी बोलले की हे आकडा लिहितात. चाळीस वर्षं संसार केल्यावर मरणाच्या दारात माणसाने थट्टा करावी, आणि मी ती तिसऱ्यांदा हाताने ओढवून घ्यावी? माझीही काही लाज आहे.

पण माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला की त्याचा अर्थ काय होतो, ते मला कळतं. जेवण तर नावालाच. सूपसुद्धा अर्धं राहिलं.

हे अंघोळीला गेले असताना मी या वहीच्या शेवटच्या पानावर ह्यांची सही गिरवून पाहिली. वेलांटी जमत नाही. ह्यांची वेलांटी पुकाऱ्यासारखी वर जाते आणि मग खाली पडते. पान भरलं. मग आठवलं की डॉक्टर ह्यांना विचारल्याशिवाय आत नेणार नाहीत. पान फाडून बारीक तुकडे केले. लोकांनी पुस्तकातलं पान फाडलं तर मी त्यांचं सभासदत्व रद्द करत असे.

उद्या दुपारची गाडी आहे आणि परवा सकाळचा बेड. कागद कोरा आहे.


गुरुवार, ११ तारीख

गाडीत लिहिते आहे. अक्षर हलतं. हे खिडकीशी झोपले आहेत, श्वास वाजतो आहे. तो वाजतो आहे तोवर बरं.

सकाळी उठले तर शेजारची खाट रिकामी. चपला नाहीत. पाटी मात्र उशीवर होती, स्वच्छ पुसलेली. पाटी मागे ठेवून गेलेल्या माणसाला कोणाला काही सांगायचं उरलेलं नसतं.

किल्लीवाली जिन्यात भेटली. "तुमचे गुणी यजमान लवकरच बाहेर पडले हो. भांडण झालं की काय?"

"कुठे गेले?"

"बोलत नाहीत तर कळणार कसं, बाई?"

मी धावले. या वयात, त्या ओल्या दगडांवर. आधी तटावर. ज्या जागी सोमवारी बसलो होतो तिथे कोणी नव्हतं. कठड्यावरून वाकून खाली बघितलं. खडक, फेस, एक फुटकं पिंप. पिंप माणसासारखं दिसलं. मग मी हाका मारायला लागले. "अहो! अहो!" तटावरचे सगळे म्हातारे एकदम वळले. एक बाई म्हणाली, "यातला कुठला अहो तुमचा?"

"उंच. पांढऱ्या मिशा. बोलत नाही."

"माझा बोलतो, तो घेऊन जाता का?"

मी तिच्याकडे असं बघितलं की ती तिथेच थांबली. पुढच्या बुरुजावर वाटाड्या भेटला, गळ्यात माझ्या मुलीने विणलेला पट्टा. त्याचा तो गळा बघून मला ओरडावंसं वाटलं. तो म्हणाला, "काका ना? मासळीच्या वेशीत आहेत. सकाळपासून. काकू, तुम्ही आधी श्वास घ्या. पोटातून."

वेशीत गर्दी होती. चौथऱ्याच्या मागे, तांबड्या टोपीवाल्याच्या शेजारी, हे उभे! हातात तो लाकडी ठोकळा. टोपीवाला पुकारत होता, हे ठोकळा आपटत होते, आणि लोकांना त्याची मोठी मजा वाटत होती. ह्यांचा चेहरा उजळला होता. मी खडकांत ह्यांचं प्रेत शोधत होते आणि हे मासे विकत होते.

मी गर्दीत घुसले. कोणाच्या तरी टोपलीत पाय पडला. टोपीवाला म्हणाला, "बाई, रांगेत, बोली चालू आहे."

"गप्प बसा!" मी म्हटलं, आणि तो बसला. मग ह्यांच्याकडे वळले. "पाटी ठेवून जाता? मी त्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं, माहीत आहे? तिथे एक पिंप होतं. मला वाटलं तुम्ही. मुलीला काय सांगायचं ते मी तेवढ्यात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पोतं म्हणता स्वतःला? पोतं तर पोतं! मुकं असू दे, भोक पडलेलं असू दे, शिट्टी वाजवणारं असू दे, मला ते घरात हवं आहे. मोजा हवं तर. आवाज गेला तर गेला, माणूस हवा! माणूस हवा मला!"

इतक्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात बोललेले नाही. तटावरून प्रतिध्वनी आला. शांतता राखा म्हणणारी मी.

ह्यांनी हळूच उजवीकडे बघितलं, सगळ्या गर्दीवरून नजर फिरवत. डावीकडे बघितलं. कोणाला काही विचारायचं असावं तसं. आणि ठोकळा असा आपटला की चौथऱ्यावरचं पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"तीन वार!" टोपीवाला गरजला. "सुटला! माल बाईंचा. उचला, बाई, आणि जपून न्या, बदलून मिळणार नाही!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. परवाची ती मावशी हसता हसता पदराने डोळे पुसत होती. मला संताप आला. दुसऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असताना यांना विनोद सुचतात. बाजारात शिष्टाचाराची अपेक्षा नाही, पण काही मर्यादा?

मी म्हटलं, "अहो, या लोकांना सांगा हसू नका म्हणून." हे काही सांगू शकत नव्हते. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. तळवा वर.

"काय? काय हवंय?"

हवेत लिहिल्यासारखं केलं.

मी पिशवीतून कागद काढला. टोपीवाल्याने चौथऱ्याची एक बाजू बाहीने पुसली, तरी ओलीच होती. हे वाकले आणि सही केली. वेलांटी वर गेली आणि खाली आली. मग माझ्याकडे बघून एकदा मान हलवली. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्या कोणत्याही प्रश्नाला नीट मान हलवलेली नाही. म्हणतो, आमच्या धंद्यात मान हलवली की माल गळ्यात पडतो.

निघताना टोपीवाल्याने ह्यांना मिठी मारली. तो बोलू शकत होता, तरी बोलला नाही.

कशाने वळले ते मला कळलेलं नाही. मुलीचं सांगितलं, नातीचं सांगितलं, मास्तरांचं उदाहरण दिलं, तेव्हा ढिम्म. आणि मी बाजारात उभी राहून गावंढळासारखी ओरडले तेव्हा सही. बहुधा लोकांपुढे लाजले असतील.

कागदाला मासळीचा वास येतो आहे. कोपऱ्याला एक खवला चिकटला आहे. नखाने काढायला गेले तर कागद फाटेल.


शुक्रवार, १२ तारीख

सकाळी वेळेवर पोचलो. दाखल करून घेणाऱ्या मुलीने कागद घेतला, हुंगला, आणि माझ्याकडे बघितलं.

"हा कुठे ठेवला होता?"

"सही बघा," मी म्हटलं.

डॉक्टर आले. या वेळी ह्यांच्याकडे बघून बोलले. "तयार आहात?" ह्यांनी मान हलवली. "कोणाच्या दडपणाखाली?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मान हलवली. डॉक्टरांना हसावं की नाही कळेना.

मग ते म्हणाले, "आता घसा जपायचं कारण नाही. काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. नर्सला मी दहा मिनिटांनी पाठवतो." आणि दार लोटून गेले.

आम्ही दोघंच. खिडकीत ऊन होतं. मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. उशी सारखी केली. पुन्हा चादर सारखी केली. मला वाटलं होतं मी खूप काही विचारीन. मी एवढंच म्हटलं, "बोला ना काहीतरी."

ह्यांनी तोंड उघडलं. गळ्याची शीर वर आली. नात म्हणते तसा भोंगा वाजणार असं मला वाटलं, आणि मी, मूर्खासारखी, दार नीट लागलं आहे का ते बघायला वळले. सवयीने. वळून परत बघते तर हे हसत होते. तोंड मिटलेलं. मान "राहू दे" अशी हलवली, माझा हात धरला आणि नर्स येईपर्यंत सोडला नाही.

ढकलगाडी नेताना ह्यांनी पाटी मागून घेतली. दारापर्यंत पाटी छातीवर धरून लिहीत होते. पेन्सिल करकरत होती. मग दार बंद झालं. थोड्या वेळाने नर्स वस्तू घेऊन बाहेर आली. "पाटी पुसून देऊ का, आजी?"

मी पाटीकडे बघितलं. टोपीवाल्याचा ठोकळा, मावशी, तो चहाचा एक कप, सगळं एकदम समोर आलं.

"पुसू नका," मी म्हटलं.

त्यांच्या ताब्यात दिलं: सही केलेला संमतीचा कागद, मासळीच्या वासासह. रिपोर्टची फाईल. माणूस, एक. परतीची तारीख विचारली, आत्ता सांगता येणार नाही म्हणाले. तरी परत हवा आहे असं बजावून सांगितलं. तीनदा सांगितलं.

माझ्या ताब्यात मिळालं: चष्मा. अंगठी. घड्याळ, चालू. वरच्या दातांची कवळी, डबीत. पेन्सिलीचा तुकडा. पाटी, तिच्यावर "३" लिहिलेलं आहे.